डबल बेल देण्याआधी

पोरी, तिकिटाचं मशीन चालवायला तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील, वेबिल भरायला शिकवतील, टप्पे आणि भाडं तर मशीनच सांगेल. पण उभ्या प्रवाशांनी खच्चून भरलेल्या गाडीत, एका टप्प्याच्या तिकिटासाठी कोणी पाचशेची नोट पुढे केली आणि वर 'सुटे ठेवणं तुमचं काम आहे' असं ऐकवलं, म्हणजे तुझ्या अंगात काय होईल आणि त्याचं तू काय करायचं, हे तिथे कोणी सांगणार नाही. ते मामाकडून ऐक. माझी सगळी नोकरी एसटीच्या कंडक्टरकीत गेली. या कामात माणूस उभा राहून दमतो, धक्के खाऊन दमतो, आणि सगळ्यात जास्त दमतो तो दिवसभर येणाऱ्या बारीकसारीक रागांनी. मोठं भांडण कधीतरी होतं. हे बारीक राग मात्र दर स्टॉपला चढतात.

पहिली गोष्ट पक्की धर. राग तोंडातून बाहेर पडतो त्याच्या बराच आधी तो अंगात येऊन बसलेला असतो. धोका आहे असं वाटलं की शरीर भांडायची किंवा पळायची तयारी करतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छातीचे ठोके वाढतात, श्वास वरच्या वर चालतो, स्नायू आवळतात. समोर वाघ आहे की पाचशेची नोट धरलेला माणूस, याचा विचार शरीर करत बसत नाही, ते आपलं तयार होतं. ही तयारी चालू असते तोवर तुझ्या हातात सगळं असतं. शब्द बाहेर पडले की मग तुझा आवाज, त्याचा आवाज, मधे बोलणारी दहा माणसं आणि कोणीतरी तुझ्यावर रोखलेला मोबाइल, एवढं सगळं सांभाळावं लागतं.

प्रत्येकाच्या अंगात ही तयारी वेगळ्या जागी दिसते. कोणाची कानशिलं तापतात, कोणाच्या पोटात गोळा येतो, कोणाचे खांदे वर चढतात. माझी खूण जबड्यात होती. दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या की मी समजायचो. कागदी तिकिटांच्या काळात आमच्या हातात चिमटा असायचा आणि तो दांडीवर वाजवत आम्ही गर्दीतून पुढे सरकायचो. त्या टकटकीची लय बदलली की ड्रायव्हरला आरशात न बघताही कळायचं, मागे काहीतरी बिनसलंय. मशीन आलं आणि ती टकटक गेली. पण मशीनवरची तुझ्या हाताची पकड आहे, बटणावर बोट किती जोरात आपटतं ते आहे. तिकडे लक्ष दे. खूण तुझी तुलाच शोधावी लागेल, माझी तुझ्या उपयोगाची नाही.

शोधायची कशी? दिवसभर स्वतःकडे लक्ष ठेव म्हटलं तर कोणालाही जमत नाही. म्हणून मी जागा ठरवल्या होत्या. कऱ्हाड–चिपळूण गाडीवर असताना मल्हारपेठ, पाटण स्टँड, हेळवाक आणि घाट उतरल्यावर पोफळी. गाडी तिथे आली की एक श्वासभर स्वतःच्या अंगावरून नजर फिरवायची, तळपायापासून कपाळापर्यंत. जबडा कसा आहे, खांदे कुठे आहेत, श्वास पोटापर्यंत जातोय का. तेवढंच. लगेच काही सुधारायला जायचं नाही, नुसतं बघायचं. घड्याळ लावून ही सवय लागत नाही, गर्दीत घड्याळ बघायचं राहूनच जातं. स्टॉप आला की मात्र तुला आवाज द्यावाच लागतो, बेल मारावीच लागते. त्या बेलला ही सवय बांधून टाक. तुला जो रूट मिळेल त्यावर तुझ्या जागा तू ठरव. काही दिवसांत दिसायला लागेल की अमुक स्टँडला अंग मोकळं असतं आणि पुढच्याला आवळलेलं. म्हणजे मधल्या टापूत काहीतरी घडतंय, ते शोधायचं.

कुंभार्ली घाटात जाणता ड्रायव्हर उतार लागण्याआधीच गिअर खाली घेतो. निम्म्या उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. रागाचंही तसंच आहे. खूण दिसली त्या क्षणाला थोडक्यात भागतं.

थोडक्यात म्हणजे काय, ते सांगतो. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला लाव. लांब श्वास सोडला की छातीचे ठोके खरोखर मंदावतात. विश्वास ठेवायची गरज नाही, मनगटावर बोट ठेवून बघ. दोन्ही पाय गाडीच्या फरशीवर दाबून उभी राहा. आणि मनातल्या मनात, जे होतंय त्याला नाव दे. 'हा माणूस उर्मट आहे' ही त्याच्याबद्दलची बातमी झाली, तिचा तुला काही उपयोग नाही. 'मला राग येतोय' ही तुझी बातमी.

नाव देताना घाई मात्र करू नकोस, कारण पहिलं नाव पुष्कळदा चुकतं. पाचशेच्या नोटेचंच घे. डेपोतून निघताना जवळ असलेली चिल्लर पहिल्या फेरीतच संपायला येते. गर्दीत, हलत्या गाडीत चारशे नव्वदच्या आसपास पैसे परत मोजायचे म्हणजे एखादी नोट जास्त जायची भीती, आणि संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती खिशातून घालावी लागते. मग नोट दिसल्यावर जे अंगात उठतं ते काय असतं? नीट बघितलंस तर ती धास्ती असते. आपण तिला राग म्हणतो, कारण रागवायला समोर माणूस आहे आणि धास्तीला कोणी नाही. एकदा धास्ती हे नाव सापडलं की उपायही वेगळा सुचतो, कारण धास्तीला उत्तर असतं तयारीचं. पहाटे ड्युटीला येताना स्टँडवरच्या चहावाल्याशी, पेपरवाल्याशी बोलून ठेव. त्यांना नोटा हव्या असतात, तुला नाणी. बॅगेच्या कप्प्यात नाण्यांची जागा ठरवून ठेव आणि ती बदलू नकोस, म्हणजे न बघता हात जातो. गाडी सुटायच्या आधी एकदा मोठ्याने सांग, 'सुटे काढून ठेवा हो, म्हणजे मोड द्यायला वेळ जाणार नाही.' मोड नसली तर तिकिटाच्या मागे बाकी लिहून दे, आणि उतरायच्या एक स्टॉप आधी तू स्वतः त्याच्याकडे जा, त्याला मागायला लावू नकोस. बाकी बुडणार ही भीती त्यालाही असते. तोही तिला रागच म्हणत असतो. आता मशीनवर फोनने पैसे घेता येतात, पण घाटात रेंज नसली तर तेवढ्यावर विसंबू नकोस. २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा सुट्ट्या पैशांवरून कितीतरी गाड्यांमध्ये वाद झाले. ज्या कंडक्टरांची चिल्लरीची सोय पक्की होती, त्यांच्या गाडीत ते कमी झाले, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं आहे.

एवढं करून जे उरतं ते 'तुमचं काम आहे' या वाक्याचं. तो अपमान. त्याला अपमान म्हण. मग लक्षात येतं की तो माणूस तुला ओळखतही नाही, तो खाकी कपड्याशी बोलतोय, आणि कदाचित सकाळी त्याच्या साहेबाने त्याला जे ऐकवलं ते इथे उतरवतोय. हे कळल्याने वाक्य गोड होत नाही. पण ते तुझ्यापर्यंत पोचायला एक पायरी जास्त चढावी लागते, आणि तेवढ्यात तुझं तिकीट काढून झालेलं असतं.

या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट असते, आणि मला वाटतं खरी तीच. आपल्या डोक्यात नियम लिहिलेले असतात आणि जग त्या नियमांना सही करून बसलंय असं आपण धरून चालतो. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात यावर एक उपचारपद्धती उभी केली. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत पोचवली, आणि तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. त्यातलं मर्म असं, की घटना आणि राग यांच्या मधे आपली एक धारणा उभी असते. त्याच गाडीत, त्याच नोटेने एक कंडक्टर पेटतो आणि दुसरा 'बघू' म्हणून पुढे सरकतो, तो या धारणेमुळे. पहिल्याच्या मनात असतं, 'लोकांनी सुटे घेऊनच चढलं पाहिजे.' दुसऱ्याच्या मनात असतं, 'सुटे आणले असते तर बरं झालं असतं.' पहिल्याने हुकूम काढलाय आणि तो मोडला गेलाय. दुसऱ्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. हुकूम मोडल्याचा संताप होतो, इच्छा पुरी न झाल्याचं थोडं वाईट वाटतं. राग आला त्या दिवशी रात्री शांतपणे स्वतःला विचार, 'आज मी कुठला हुकूम काढला होता?' तो शब्दांत मांडता आला की पुष्कळदा तुझं तुलाच दिसेल की असा हुकूम चालवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

सवलतीच्या तिकिटांवरून हे जास्त घडेल. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही चांगल्याच गोष्टी. कधी माहेरी न जाणाऱ्या बायका जायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण वयाचा पुरावा मागितला की आजोबा दुखावतात. त्यांना वाटतं, ही पोरगी मला खोटा म्हणतेय. आणि तुला वाटेल, हे मला फसवायला बघतायत. दोघंही एकमेकांच्या मनातलं आपल्याच मनाने लिहीत असतात. तू तुझ्या बाजूचं लिहिणं थांबव. 'आजोबा, कार्ड बघितल्याशिवाय मशीन मला तुमचं तिकीट द्यायचं नाही' एवढंच बोल. मुलाचं अर्धं तिकीट चुकवणाऱ्या आईचंही तसंच. पोरगं दिसतं सहाचं, ती सांगते साडेचार. नियम सोडू नकोस, तपासणी पथक चढलं तर उत्तर तुला द्यायचं आहे. पण तिला खोटी पाडायची गरज नसते. 'ताई, मला विचारतील, अर्धं काढू या' म्हटलं की पुष्कळ आया निमूट पैसे काढतात. वाद तिकिटापुरता ठेवायचा, माणसाच्या खरेपणावर न्यायचा नाही.

आवाजाबद्दल एक सांगायचं आहे, आणि हे कोणी सांगत नाही. इंजिनाच्या घरघरीत तुला दिवसभर मोठ्याने बोलावं लागेल. मोठा आवाज लावला की गळा आवळतो, मानेच्या शिरा ताठ होतात, श्वास उथळ होतो. म्हणजे रागात जे होतं तेच सगळं, राग नसताना. मग शरीर उलटा हिशोब करतं, 'एवढं ओरडतोय म्हणजे नक्कीच भांडण चाललंय.' म्हणून मोठा आवाज आणि चढा आवाज यांत फरक करायला शिक. स्टॉपचं नाव पोटातून, सावकाश, शेवटपर्यंत उच्चार. एका माणसाशी बोलायचं असेल तर त्याच्या जवळ जाऊन खालच्या पट्टीत बोल. लांबून मोठ्याने बोललेलं साधं वाक्यसुद्धा सगळ्या गाडीपुढे खडसावल्यासारखं लागतं. दुपारी एक फेरी संपली की पाच मिनिटं कोणाशीही बोलू नकोस, गळ्याला आराम दे.

एका प्रवाशाचा राग दुसऱ्यावर काढू नकोस हे तुला कोणीही सांगेल. तो निघतो कसा, ते बघ. पुढच्या सीटवर कोणी हुज्जत घातलेली असते, तिथे तू तोंड आवरलेलं असतं, आणि मग मागच्या बाकावर एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून नाणी सोडवायला वेळ लावते आणि सगळं तिच्यावर फुटतं. ती गरीब असते, उलट बोलणार नसते, म्हणूनच फुटतं. आपण आपला राग कुठे खर्च करायचा हे नकळत हिशोबाने ठरवतो, आणि तो हिशोब नेहमी दुबळ्याकडे बोट दाखवतो. मला या नोकरीतली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती वाटली असेल तर ही. म्हणून हुज्जत झाली की पुढच्या तिकिटाआधी एकदा लांब श्वास सोड आणि पुढच्या माणसाचा चेहरा मुद्दाम बघ. हा तो नव्हे, एवढं डोळ्यांना कळू दे.

अंगाची देखभाल हा याचाच भाग आहे. पुढे सोय मिळेल की नाही या काळजीने आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, आणि दुपारपर्यंत डोकं धरतं. तहानलेल्या, उपाशी, लघवी दाबून धरलेल्या माणसाला शहाणपण सांगण्यात अर्थ नसतो. कुठल्या स्टँडवर सोय चांगली आहे, कुठल्या हॉटेलवाल्याची बायको घरातलं दार उघडून देते, हे जुन्या कंडक्टर बायकांना आधी विचारून घे आणि त्या हिशोबाने पाणी पी. डबा सुटू देऊ नकोस. पाळीच्या दिवसांत आपला सोसण्याचा दोरा आखूड झालाय हे आधीच मनाशी धर, त्यात कमीपणा काही नाही.

आणि आता जे सांगतो ते यापासून वेगळं काढून ठेव. गर्दीचा फायदा घेऊन कोणी अंगाला लागलं, घाणेरडं बोललं, हात उगारला, तर तिथे श्वास मोजत बसायचं नाही. तो राग बरोबर आहे आणि त्याचं काम त्याला करू दे. एक बेल मारून गाडी थांबव, ड्रायव्हरला हाक मार, आजूबाजूच्या बायकांना बोलाव, ११२ ला फोन लाव, आणि गरज पडली तर गाडी सरळ पोलीस ठाण्यात घे. कामावरच्या सरकारी नोकराला मारहाण केली तर पूर्वी कलम ३५३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३२ लागतं. ते पाठ कर, मोठ्याने म्हणता यायला हवं. स्वतःला ओळखायचं ते मवाळ व्हायला नव्हे. सुट्ट्या पैशांचा राग आणि अब्रूचा राग यांतला फरक अंगातच ओळखता आला पाहिजे, म्हणजे पहिला सोडून देता येतो आणि दुसरा ठामपणे वापरता येतो. सगळेच राग गिळायची सवय लागलेली पोरगी हा दुसराही गिळते, आणि मला त्याची खरी काळजी आहे.

ड्रायव्हरशी पहिल्याच आठवड्यात बोलून ठेव. त्याला आरशात सगळी गाडी दिसते, तुला तू दिसत नाहीस. आम्ही जोडीदारांनी एक ठरवलेलं होतं. माझा आवाज चढायला लागला की तो उगाचच विचारायचा, 'पुढे कोणाला उतरायचंय का?' मला कळायचं. बाकी कोणाला कळत नसे. तुझ्या जोडीदाराशी असं काहीतरी ठरव, मात्र ते भांडणाच्या वेळी 'शांत हो' असं नसावं. तापलेल्या माणसाला 'शांत हो' म्हटलं की तो आणखी तापतो.

तरीही कधी शब्द जाईल, कोणी तक्रार करेल, खुलासा मागतील. खुलासा त्याच रात्री लिहायला बसू नकोस. झोप, सकाळी लिही. घडलं ते क्रमाने, स्टॉपच्या नावांनिशी आणि वेळेनिशी, विशेषणं न लावता. आणि भांडण घरी एकदाच सांग, एकाच माणसाला. पाच जणांना पाच वेळा सांगितलं की ते पाच वेळा नव्याने होतं आणि दरवेळी त्यातला समोरचा माणूस थोडा जास्त वाईट होत जातो.

एक छोटी डायरी घे, वेबिलाबरोबर बॅगेत राहील अशी. कॅश भरून झाली की बाकावर बसून दोन ओळी लिही: कुठला स्टॉप, अंगात कुठे जाणवलं, नाव काय दिलं, आणि नंतर खरं नाव काय निघालं. एवढंच. कोण चुकलं ते लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात बाकी काही जमलं नाही तरी चालेल, या दोन ओळी मात्र चुकवू नकोस. दिवाळीला तुला सुट्टी मिळायची नाही, जादा गाड्या असतात. तुळशीची लग्नं आटोपली की दोन दिवस इकडे ये आणि डायरी घेऊन ये. आपण बसून पानं चाळू. तोपर्यंत तुझी खूण तुला सापडलेली असेल, मग ड्रायव्हरचा राग कसा सांभाळायचा ते सांगतो. त्याला वेगळा वेळ लागेल.